गायतोंडे, न्यूयॉर्क आणि चित्रकलेच्या वर्गाची किल्ली

 

स्मरणिका समितीने माझ्याकडे लेख मागितला होता तो कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याची शाळा या विषयावर. बॅचमधली कॉम्प्युटरवाली मी, त्यामुळे ते साहजिकच होतं. पण त्या विषयावर आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सुविचारांच्या पाठोपाठ इतकं येऊन पडतं की मी आणखी काय भर घालणार? म्हणून मी विषय बदलून घेतला. मला एका चित्रकाराची गोष्ट सांगायची आहे. तो आपल्याच गिरगावात वाढला आणि पुढे जगभर गाजला. आपण दहा वर्षं त्याच रस्त्यांवरून दप्तर घेऊन शाळेत गेलो, तरी निदान मला तरी त्याचं नाव ठाऊक नव्हतं. वासुदेव संतू गायतोंडे असं त्यांचं नाव.

ही गोष्ट आत्ताच का, ते शेवटी सांगते. त्यात माझी एक जुनी कबुलीही आहे. ती ज्यांच्यापाशी द्यायची आहे ते सर मेळाव्याला येणार आहेत असं कळलं, म्हणून धीर केला.

२०१४च्या शेवटी मी कंपनीच्या कामासाठी जर्सी सिटीत होते. आमच्या भाषेत ऑनसाइट. मुलगी पुण्यात आजीकडे, नवरा बंगळुरात आणि मी तिकडे, असे ते दिवस. एका शुक्रवारी टीममधल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने मला विचारलं की गुगेनहाइम म्युझियममध्ये एका मुंबईच्या चित्रकाराचं मोठं प्रदर्शन लागलं आहे, ते पाहिलंस का. आदल्या वर्षी, म्हणजे डिसेंबर २०१३मध्ये, याच चित्रकाराचं एक चित्र मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं होतं, हेही त्यानेच सांगितलं. मी मान डोलावली. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं. अशा वेळी आपण जे करतो तेच केलं. घरी जाऊन गुगल केलं आणि रविवारी तिकीट काढून गेले.

ती गोल, शंखासारखी पांढरी इमारत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फोटोत पाहिली असेल. तिच्या बाजूच्या दालनांत गायतोंडे यांची चित्रं होती. त्यांत ना माणूस, ना झाड, ना घर. पिवळा, राखाडी, शेंदरी, गडद हिरवा असा एखादाच रंग कॅनव्हासभर पसरलेला, आणि त्या रंगाच्या आत कुठेतरी उजेड. त्यावर काही आकार होते. एखाद्या न वाचता येणाऱ्या लिपीतली अक्षरं पाण्याखालून दिसावीत तसे. मला चित्रातलं फार कळत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली तेवढीच माझी पात्रता. पण मी त्या दालनात दोन तास होते. बाहेर पडले तेव्हा फोनवर ऑफिसच्या सतरा मेल आल्या होत्या आणि त्यांतली एकही मी दोन तासांत पाहिली नव्हती. माझ्या बाबतीत हा विक्रमच.

त्यानंतर मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. 'चिन्ह'च्या सतीश नाईक यांनी २०१६मध्ये त्यांच्यावर मराठीत मोठा ग्रंथ काढला. सुनील काळदाते यांनी १९९५मध्ये केलेला एक लघुपटही आहे. त्या सगळ्यातून जे आयुष्य मला दिसलं ते असं.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४चा, नागपूरचा. आईवडील मूळचे गोव्याचे. कुटुंब मुंबईत आलं आणि गिरगावातल्या चाळीत स्थिरावलं. चाळीतल्या जागेचं वर्णन मी तुम्हाला करायची गरज नाही. जिथे जेवायचं तिथेच झोपायचं, आणि एकांत हवा असेल तर डोळे मिटून बसायचं. अशा घरातून हा मुलगा जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला आणि १९४८मध्ये पदविका घेऊन बाहेर पडला.

तो काळ मोठा धामधुमीचा होता. १९४७मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला होता. काही वर्षांतच गायतोंडेही त्या मंडळींत सामील झाले. मित्र त्यांना नुसतं गाय म्हणत. मराठी माणसाला यात गंमत वाटेल, पण हा माणूस गरीब गाय अजिबात नव्हता. बोलणं कमी आणि मत ठाम, अशी त्यांची ख्याती होती.

त्यांची सुरुवातीची चित्रं पाहिली तर त्यांत माणसं आहेत. जुन्या भारतीय लघुचित्रांचा अभ्यास त्यांत दिसतो, सपाट रंग दिसतात, ठसठशीत रेषा दिसते. पुढे पॉल क्ली या स्विस-जर्मन चित्रकाराची चित्रं त्यांच्या पाहण्यात आली आणि रेषा मोकळी झाली. मग हळूहळू माणसं विरळ होत गेली आणि पन्नासच्या दशकाच्या अखेरीस कॅनव्हासवरून निघूनच गेली. आपण अशा चित्रांना सरसकट अमूर्त म्हणतो. गायतोंडे यांना तो शब्द पसंत नव्हता. कशाचं तरी रूप काढून टाकून उरलेलं ते अमूर्त, आणि आपण मुळात कशाचं चित्र काढतच नाही, असं त्यांचं म्हणणं असे. म्हणून ते आपल्या चित्रांना वस्तुनिरपेक्ष म्हणत.

आता या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग, म्हणजे जागेचा. चित्रकाराला रंग आणि कॅनव्हास लागतो हे आपल्याला कळतं. पण त्याआधी त्याला एक खोली लागते. गायतोंडे यांना ती मिळाली वॉर्डन रोडवर, भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये. नामवंत वकील भुलाभाई देसाई यांचा समुद्राकाठचा बंगला त्यांच्या पश्चात कलावंतांसाठी खुला झाला होता. तिथे नाममात्र भाड्यात कलावंतांना काम करायला जागा मिळे. हुसेन तिथे रंगवत, अल्काझी गच्चीवर नाटकं बसवत, रविशंकर संगीताचे वर्ग घेत. नसरीन मोहमदी आणि प्रफुल्ला डहाणूकर या त्या वेळच्या तरुण चित्रकर्ती तिथेच गायतोंडे यांच्या सहवासात आल्या. आज ज्याला आर्टिस्ट रेसिडेन्सी म्हणतात, त्याच्या जवळ जाणारं काहीतरी आपल्या मुंबईत साठ-सत्तर वर्षांपूर्वी चाललेलं होतं. ती वास्तू आता नाही. तिथे उंच इमारत उभी आहे.

रेसिडेन्सी हा शब्द आपल्यापैकी काहींना डॉक्टर मंडळींमुळे माहीत असेल. चित्रकारांची रेसिडेन्सी वेगळी. एखादी संस्था चित्रकाराला त्याच्या घरापासून, बहुधा देशापासूनही, दूर बोलावते. राहायला जागा, काम करायला स्टुडिओ आणि खर्चापुरते पैसे देते. मुदत काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंत. कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळात, १६६६मध्ये, रोममध्ये फ्रेंच अकादमी स्थापन झाली आणि निवडक फ्रेंच तरुण सरकारी खर्चाने तिथे राहून शिकू लागले. मात्र त्यांनी तिथे प्राचीन मूर्तींच्या आणि थोर चित्रांच्या नकला करून मायदेशी पाठवाव्यात अशी अपेक्षा असे. म्हणजे आमच्या भाषेत डिलिव्हरेबल ठरलेलं होतं. विसाव्या शतकात यात फरक पडला. काही संस्थांनी ठरवलं की माणूस नीट निवडायचा आणि मग त्याला मोकळं सोडायचं.

अशांपैकीच एक होता अमेरिकेतला जे.डी.आर. थर्ड फंड. जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांनी तो १९६३मध्ये आशियातल्या आणि अमेरिकेतल्या कलावंतांच्या देवाणघेवाणीसाठी काढला. १९८०मध्ये तेच काम एशियन कल्चरल काउन्सिल या नावाने पुढे सुरू झालं. रॉकफेलर नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फेलोशिपांवर आपले किती चित्रकार गेले पाहा. १९६२मध्ये कृष्ण खन्ना, १९६४मध्ये गायतोंडे, १९६५मध्ये अकबर पदमसी, १९६८मध्ये तय्यब मेहता, १९७०मध्ये राम कुमार. ज्या काळात परदेशी चलनाच्या निर्बंधांमुळे सामान्य माणसाला खिशात चार डॉलर बाळगून बाहेर जाणं मुश्कील होतं, त्या काळातली ही गोष्ट आहे. सूझा १९४९मध्ये लंडनला गेले, रझा १९५०मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि दोघांनीही तिकडेच बस्तान बसवलं. गायतोंडे मात्र तोवर मुंबईतच होते.

त्यांचं नाव बाहेर पोचलं नव्हतं असं नाही. १९५७मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं होतं. १९६२मधलं त्यांचं एक चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात गेलं होतं. १९६३मध्ये मॉरिस ग्रेव्हज हे अमेरिकन चित्रकार मुंबईत आले. गायतोंडे यांची चित्रं पाहून ते इतके भारावले की त्यांनी न्यूयॉर्कच्या विलार्ड गॅलरीला पत्र लिहून या माणसाकडे लक्ष द्यायला सांगितलं. एका चित्रकाराने दुसऱ्यासाठी आपणहून शब्द टाकावा, हे मला त्या लिलावातल्या रकमेपेक्षा मोठं वाटतं.

१९६४मध्ये गायतोंडे न्यूयॉर्कला गेले. वय चाळीस. ऑनसाइट गेले तेव्हा मीही साधारण त्याच वयाच्या आसपास होते, म्हणून तुलना करायचा मोह होतो. मला रोज संध्याकाळी टाइमशीट भरावी लागे. कोणत्या कामावर किती तास घालवले, तासाला कोणता कोड. गायतोंडे यांना असं काहीही नव्हतं. अमुक इतकी चित्रं करून दाखवा असं कुणी म्हणणार नव्हतं. शहर समोर होतं, म्युझियम आणि गॅलऱ्या होत्या. त्यांनी भरपूर पाहिलं. २३व्या रस्त्यावरचं चेल्सी हॉटेल हे त्या काळी लेखक-कलावंतांचं प्रसिद्ध बिऱ्हाड होतं. तिथला त्यांचा १९६५चा एक फोटो पुष्कळ ठिकाणी छापला जातो. त्यात मागे न्यूयॉर्कच्या इमारती आहेत आणि पुढे हा गिरगावचा गृहस्थ एखाद्या कठड्यावर बसावं तसा शांत बसला आहे.

मार्क रोथको या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रांतही रंगांचे मोठे तरंगते पट्टे असतात. त्यामुळे गायतोंडे यांचं चित्र पाहिलं की कुणीतरी लगेच रोथकोचं नाव घेतं, आणि न्यूयॉर्कला जाऊन ते तसं रंगवायला शिकले असा समज करून घेतं. तारखा पाहिल्या की हा समज टिकत नाही. माणसं आणि वस्तू त्यांच्या कॅनव्हासवरून गेल्या त्या मुंबईत, विमानात पाऊल ठेवण्याच्या काही वर्षं आधी. न्यूयॉर्कने त्यांना शैली दिली नाही. माझ्या समजुतीप्रमाणे न्यूयॉर्कने त्यांना दोन गोष्टी दिल्या. आपण ज्या वाटेने चाललो आहोत ती वेड्याची वाट नाही, जगाच्या दुसऱ्या टोकालाही लोक त्याच दिशेने शोध घेत आहेत, हा धीर. आणि ज्याचा हिशेब कुणाला द्यायचा नाही असा वेळ.

हे म्हणणं सोपं आहे, पण असा वेळ पेलणं सोपं नाही. हे मी अनुभवाने सांगते आहे, त्याकडे येतेच.

ते परत आले आणि परत येऊन इथेच राहिले. नंतरच्या वर्षांत त्यांचे कॅनव्हास आडवे होते ते उभे झाले. आडव्या कॅनव्हासवर आपला डोळा नकळत क्षितिज शोधतो, वर आकाश आणि खाली जमीन लावून टाकतो. उभ्या कॅनव्हासवर ती सोय राहत नाही. काम करायची पद्धतही पाहण्यासारखी होती. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ यांवर भर. एक थर लावायचा, तो खरवडायचा, वर दुसरा पातळ थर द्यायचा. पुढे ते कागदाचे कापलेले तुकडे रंगावर ठेवून, दाबून, उचलून त्यातून आकार उमटवू लागले. हे सगळं ऐकायला झटपट वाटतं, पण वर्षाकाठी त्यांच्या हातून पाच-सहाच चित्रं होत. उरलेला वेळ ते काय करत? खुर्चीत बसून कोऱ्या कॅनव्हासकडे पाहत. लोक भेटायला आले की त्यांना वाटे, हा माणूस काही करत नाही. जे. कृष्णमूर्ती आणि रमण महर्षी यांचं वाचन, झेनची ओढ, आपल्या खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांच्या विचारांविषयी आस्था, या सगळ्याचा त्या बसण्याशी संबंध होता. आमच्या क्षेत्रात अशा वेळेला बेंचवर असणं म्हणतात आणि त्याची सगळ्यांना भीती वाटते. गायतोंडे यांचं मुख्य काम तेच होतं.

१९७१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७२मध्ये मुंबई सोडून ते दिल्लीला गेले आणि पुढे निजामुद्दीन ईस्टमधल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या छोट्या जागेत, एकटेच राहिले. लग्न केलं नाही. घरच्यांशीही संबंध जवळजवळ तुटले. १९८४मध्ये रिक्षाच्या अपघातात ते गंभीर जखमी झाले आणि मोठ्या कॅनव्हासवर काम करण्याची ताकद काही वर्षं गेली. तेव्हा त्यांनी कागदावर शाईने लहान लहान चित्रं काढली आणि जमेल तेव्हा पुन्हा कॅनव्हासकडे वळले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी रंगवणं थांबवलं. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले. त्या वेळी त्यांच्या चित्रांची किंमत कोटींत जाईल असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी बहुधा उत्तरही दिलं नसतं.

हे आयुष्य आदर्श म्हणून तुमच्यासमोर ठेवावं असं मला वाटत नाही. एकटेपणाची किंमत त्यांनी मोजली आणि त्यांच्या माणसांनीही मोजली. मला तसं जगायला जमलं नसतं आणि जगायचंही नाही. मुलीचा दहावीचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, गृहकर्जाचा हप्ता, यांतच माझं आयुष्य आहे आणि ते मला आवडतं. पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मला सोडत नाही. तीन वेळा त्यांना कुणीतरी जागा आणि मोकळा वेळ मिळवून दिला. आधी जे.जे.ने, मग भुलाभाई इन्स्टिट्यूटने, मग त्या फेलोशिपने. कुणीही त्या बदल्यात काय देणार असं विचारलं नाही, आणि त्या माणसाने तो वेळ घालवला नाही.

आता माझी कबुली.

१९९५चा मे महिना आठवा. नववीची परीक्षा संपली होती, दहावीच्या क्लासची पुस्तकं घरात येऊन पडली होती. मला इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली होती. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, सगळ्या पेपरांत हात चांगला बसला होता. चित्रकलेच्या सरांनी मला बोलावलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या वर्गाची किल्ली माझ्या हातात ठेवली. सुट्टीभर ये, कागद आणि रंग कपाटात आहेत, काय काढायचं ते तुझं तू ठरव, मला दाखवायचीही गरज नाही, असं ते म्हणाले. शिपाईमामांना त्यांनी सांगून ठेवलं होतं.

सर, मी दोनच दिवस आले.

पहिल्या दिवशी मी कागद लावून बसले. उत्तरेकडच्या खिडकीतून छान उजेड येत होता. समोर ना मडकं होतं ना केळी, फळ्यावर विषय लिहिलेला नव्हता, वेळ लावलेली नव्हती. तासभर मी पेन्सिलीला टोक करत बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून मी क्लासला जायला लागले, कारण तिथे काय करायचं ते रोज कुणीतरी सांगत होतं. सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी घरातल्या कॅलेंडरवरच्या निसर्गचित्राची नक्कल केली आणि किल्लीबरोबर तुम्हाला नेऊन दिली. रोज येत होते, असंही सांगितलं. तुम्ही चित्र पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि कागद परत माझ्या हातात दिलात. बोलला काहीच नाहीत. तुम्हाला कळलं होतं हे मला तेव्हाच कळलं. तीस वर्षं झाली, ते मनातून गेलेलं नाही.

मी चित्रकार झाले असते आणि संधी हुकली, असं मला मुळीच म्हणायचं नाही. इंजिनिअरिंग मी आवडीने केलं. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तुम्ही जे दिलंत ते काय होतं हेच मला कळलं नाही. न्यूयॉर्कच्या त्या दालनात उभी असताना ते पहिल्यांदा समजलं. गंमत म्हणजे ज्या मे महिन्यात मी त्या वर्गात पेन्सिलीला टोक करत होते, त्या महिन्यात सत्तर वर्षांचे गायतोंडे दिल्लीत हयात होते.

आता हे आत्ताच का सांगितलं ते. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला दुसरी कॉम्प्युटर लॅब द्यायची असं जवळजवळ ठरलं आहे, आणि तिच्यासाठी सुचवलेली खोली आहे तिसऱ्या मजल्यावरचा चित्रकलेचा वर्ग. सर निवृत्त झाल्यापासून तो बहुतेक वेळ बंदच असतो. वीस मशीन, नेटवर्क, यूपीएस आणि टेबलं यांचं अंदाजपत्रक करायचं काम माझ्याकडे होतं. ते मी केलं आहे आणि समितीला पाठवलंही आहे. लॅबला माझा विरोध नाही. माझं पोट त्यावरच चालतं. पण मी त्याबरोबर दुसराही एक आराखडा जोडला आहे. तळमजल्यावर जुन्या सामानाची जी खोली आहे, तिथे लॅब होऊ शकते. वायरिंग आणि ओल काढण्याचा खर्च थोडा वाढेल, तो आकडा मी लिहून दिला आहे. चित्रकलेचा वर्ग मात्र वर्ग म्हणूनच राहू द्यावा.

आणि दर मे महिन्यात त्याची किल्ली एका मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्यावी. ए ग्रेडवालीच हवी असं नाही, निवड चित्रकला शिकवणाऱ्या शिक्षकांनी करावी. मजल्यावर कुणी मोठं माणूस असावं, पंखा चालू असावा, कपाटात कागद आणि रंग असावेत. स्पर्धा नको, प्रदर्शन नको, प्रमाणपत्र नको, आणि स्मरणिकेत फोटोही नको. पहिल्या पाच वर्षांच्या कागद-रंगाचा खर्च माझा.

काही मुलं माझ्यासारखी पेन्सिलीला टोक करत बसतील आणि तिसऱ्या दिवशी येणं सोडतील. त्यांना रागावू नये. शक्य झालं तर पहिल्याच दिवशी त्यांना एवढं सांगावं की नुसतं बसलं तरी चालतं. मला ते कुणी सांगितलं असतं तर मी तिसऱ्या दिवशीही गेले असते, असं वाटतं.

मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या सत्रात यावर मत घेणार आहेत. जेवणानंतर झोप येते हे मान्य आहे, तरी हात वर करण्यापुरते जागे राहा. आणि सर, त्या दिवशी थोडा वेळ काढून माझ्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर याल का? गुडघे दुखत असतील तर आपण सावकाश चढू. किल्ली मी ऑफिसातून मागून ठेवली आहे.